नकार देणारा वाचक

"हल्ली मुलं वाचत नाहीत" हे वाक्य मराठीत आता पुराव्याशिवाय चालतं. साहित्य संमेलनातल्या बालसाहित्याच्या परिसंवादात ते ऐकू येतं, शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुणे तेच बोलतात, आणि एरवी पालक, शिक्षक, प्रकाशक ते एकमेकांना सांगत असतात. मी मुलांसाठी लिहिते, आणि हे वाक्य मला अजिबात मान्य नाही. मुलांपुढे आपण जी पुस्तकं ठेवतो त्यातली बरीचशी ती हातात घेतात, चाळतात, दोन पानं वाचतात आणि बाजूला ठेवून देतात. याला न वाचणं म्हणत नाहीत. हा नकार आहे, आणि नकार हे वाचकाचं मत असतं. मोठ्या माणसाने एखादी कादंबरी चाळिसाव्या पानावर मिटली तर आपण कादंबरीत काय कमी पडलं ते विचारतो. मुलाने पुस्तक मिटलं की मुलात काय कमी आहे ते शोधू लागतो. या अन्यायाबद्दल मला लिहायचं आहे.

मुलांच्या पुस्तकाचा व्यवहार एकदा नीट बघा. लिहिणारा मोठा, छापणारा मोठा, विकत घेणारे पालक किंवा शाळा किंवा सरकार, पुरस्कार देणारी समिती मोठ्यांची, परीक्षण छापून आलंच तर तेही मोठ्याने लिहिलेलं. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो सगळ्यात शेवटी येतो. त्याच्या खिशात पैसे नसतात, समितीत त्याला जागा नसते. पुस्तक मिटून ठेवणं एवढाच एक अधिकार त्याच्या हातात असतो, आणि तो त्याने बजावला की आपण मोबाइलला दोष देऊन मोकळे होतो. विकत घेणारा एक आणि वाचणारा दुसरा असला की पुस्तक घेणाऱ्याच्या मनासारखं होत जातं. म्हणून मलपृष्ठावर "संस्कारक्षम" आणि "बोधप्रद" ही विशेषणं येतात. कुठलंही मूल संस्कारक्षम आहे म्हणून पुस्तक उचलत नाही. ती विशेषणं त्याच्या आईबाबांसाठी छापलेली असतात.

शाळेत पुस्तकं घेऊन गेलं की मी ती टेबलावर रचून ठेवत नाही, सतरंजीवर पसरते आणि बाजूला बसते. मुलं काय करतात ते बघण्यासारखं असतं. आधी चित्रं. मग एका पानावर किती ओळी आहेत याचा अंदाज. बरीच मुलं पुस्तक मागून पुढे चाळतात. दोघांना एकच पुस्तक हवं असेल तर ओढाओढ होते आणि शेवटी दोघंही पालथी पडून एकत्र वाचतात. एकाचं पान आधी संपतं आणि तो दुसऱ्याच्या नावाने ओरडतो. एका शाळेत चौथीतल्या मुलीने माझंच एक पुस्तक उचललं, तीन पानं वाचली आणि ठेवून दिलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "यातला मुलगा सारखा बरोबरच वागतोय. पुढं काय होणारे ते कळलं." एखाद्या समीक्षकाने एवढ्या थोड्या शब्दांत एवढं नेमकं सांगितलेलं माझ्या वाचनात नाही. हाताळून जुन्या झालेल्या पुस्तकांकडेही जरा निरखून बघा. ज्या पानांवर पळापळ आहे, भूत आहे, भांडण आहे, कुणी रडतंय, त्या पानांचे कोपरे काळपट, मऊ झालेले असतात. शेवटी चौकटीत तात्पर्य छापलेलं असेल तर ते पान कोरं करकरीत राहिलेलं असतं.

मी हे म्हटलं की लगेच प्रश्न येतो: मग संस्कारांचं काय? आणि त्या प्रश्नामागोमाग साने गुरुजींचं नाव येतं. 'श्यामची आई'ने पिढ्या घडवल्या, तुम्ही त्याला नाकारणार का? मुळीच नाही. उलट ज्यांना बालसाहित्य गुळगुळीत, निर्धोक आणि बोधप्रद हवं आहे त्यांनी ते पुस्तक पुन्हा एकदा उघडून वाचावं, अशी माझी विनंती आहे.

१९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ते अवघ्या पाच दिवसांत लिहिलं, १९३५ साली ते प्रसिद्ध झालं. त्यात काय आहे? कर्जात बुडत चाललेलं घर आहे. सावकाराचा माणूस दारात येऊन आईला नाही नाही ते बोलतो आणि वडील काही करू शकत नाहीत. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई मार देते आणि विहिरीवर पाठवते. गावात अस्पृश्यता आहे. मोळी डोक्यावर चढवायला जिला कुणी हात लावत नाही त्या म्हाताऱ्या बाईला मदत करायला आई श्यामला सांगते, गाव काय म्हणेल याची पर्वा न करता. आणि शेवटी आई मरते. श्याम घरी पोहोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. गरिबी, अपमान, मार, जातिभेद, मृत्यू, आणि वेळेवर न पोहोचल्याची आयुष्यभराची सल: आज एखाद्या नवख्या लेखकाने एवढं सगळं घालून हस्तलिखित पाठवलं तर "मुलांच्या वयाला झेपणार नाही" असा शेरा मारून ते परत येईल, याची मला खात्री आहे.

पुस्तकात उपदेश भरपूर आहे, हे खरं. पण मुलं त्या उपदेशासाठी रडत नाहीत. ती त्या बाईसाठी रडतात. लेखकाला आपल्या आईबद्दल काहीतरी असह्य सांगायचं होतं आणि ते त्याने मुलांपासून लपवलं नाही, म्हणून ते पुस्तक जवळपास नव्वद वर्षं टिकलं. आपण मात्र त्यातून उपदेश तेवढा गाळून घेतला आणि बालसाहित्याचं सूत्र म्हणून पुढे चालवला. दुःख गाळात टाकून दिलं. गुरुजींचं नाव घेऊन बेचव पुस्तकं विकणं हा गुरुजींवरच अन्याय आहे.

याच मराठीत दुसरी परंपराही भक्कम आहे, आणि संस्कारवाले तिचं नाव घेत नाहीत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, हा काडीसारखा पोरगा सायकलवर टांग मारून संकटात शिरतो. त्याच्या कुठल्याही गोष्टीखाली "यावरून आपण काय शिकलो" असं लिहिलेलं नाही. त्याचं शौर्य, उतावीळपणा, मित्रांवरची माया मुलांनी न सांगता उचलली. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या अनाथ आहे, आणि ते अनाथपण लेखकाने झाकलेलं नाही. 'चांदोबा'तला वेताळ तर गोष्ट संपवून प्रश्न विचारायचा, तोही असा की घरात दोन तट पडावेत. खरा त्याग कुणाचा, राजाचा की चोराचा? विक्रमाचं उत्तर पटलं नाही म्हणून भावंडांनी रात्री वाद घालावा, ही नैतिक शिक्षणाची केवढी मोठी संधी! तात्पर्याची चौकट नेमकी तीच हिरावून घेते. निवाडा आधीच छापून टाकला की मुलाला विचार करायला काही उरत नाही.

शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी 'दिवास्वप्न' १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातीत लिहिलं. त्यातला शिक्षक वर्गात शिरल्यावर आधी गोष्टी सांगायला लागतो. त्या गोष्टींवर परीक्षा घेत नाही. वरिष्ठ नाराज होतात, सहकारी हसतात, पण गोंधळ घालणारी पोरं गोष्टीसाठी गप्प बसतात आणि हळूहळू स्वतःहून पुस्तकांकडे वळतात. गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी तो विचार बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आणला, अनुताई वाघांनी तो वारली पाड्यांवर नेला. म्हणजे हा माझा लहरी हट्ट नाही, आपल्याच मातीत शंभर वर्षांच्या आसपास तपासून झालेली गोष्ट आहे. तरीही आजच्या कित्येक गोष्टींच्या पुस्तकांत गोष्ट संपते न संपते तोच "रिकाम्या जागा भरा" सुरू होतं.

दुसरा आग्रह भाषेचा. सोपं लिहा, जोडाक्षरं टाळा, वाक्यं लहान ठेवा. जे मूल नुकतं अक्षरं जुळवू लागलंय त्याच्यासाठी थोड्या मजकुराची, ओळखीच्या शब्दांची पुस्तकं लागतात, यात वाद नाही. ते काम अत्यंत अवघड आहे आणि माधुरी पुरंदरे यांनी ते मराठीत ज्या ताकदीने केलं आहे तसं फार थोड्यांना जमलं. त्या लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात. त्यामुळे त्यांच्या पुस्तकात जे चित्र सांगतं ते शब्द पुन्हा सांगत बसत नाहीत. 'राधाचं घर' वाचताना वाक्य लहान आहे म्हणून माणूस लहान झालाय असं कुठेही वाटत नाही. आजी खरी आजी असते, तिला स्वतःची कामं असतात, स्वतःचे राग असतात. माझा आक्षेप सोप्या भाषेला नाही. सोपेपणाच्या नावाखाली जी निर्जीव भाषा खपवली जाते तिला आहे. 'छान', 'सुंदर', 'खूप आनंद झाला' एवढ्या तीन खुंट्यांवर अख्खी पुस्तकं टांगलेली असतात. आंबा छान, पाऊस छान, मामा छान.

मुलांना अवघड शब्द आवडतात. डायनोसोरची लांबलचक नावं सहा वर्षांची पोरं घडाघडा म्हणतात. खेळाचे नियम, शिव्या, मंत्र, आरत्या, जाहिराती, अर्थ कळो न कळो, त्यांच्या तोंडात बसतात, कारण त्यांना नाद असतो. विंदा करंदीकर हे ओळखून होते. १९६३ साली 'एटू लोकांचा देश' लिहिणारा कवी तोच होता जो मोठ्यांसाठी 'धृपद' लिहीत होता, आणि मुलांकडे वळताना त्याने आपली कल्पनाशक्ती खुंटीला टांगून ठेवली नाही. मुलांना जे कळत नाही ते ती गृहीत धरून पुढे जातात, आणि चार दिवसांनी तोच शब्द भलत्याच ठिकाणी, पण बरोबर वापरून दाखवतात. शब्द असेच शिकले जातात.

आणि ही "सोपी" भाषा नेमकी कुणाला सोपी? नंदुरबारच्या भिल्ल मुलाला, मेळघाटातल्या कोरकू मुलीला, गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्या पोराला पाठ्यपुस्तकातली मराठी ही घराबाहेरची भाषा आहे. मराठवाड्यातल्या किंवा झाडीपट्टीतल्या मुलाच्या घरी मराठीच असते, पण पुस्तकातले सगळे लोक शहरातल्या सदनिकेत राहणाऱ्यांसारखे बोलतात. संवादात बोली घातली की संपादक ती "शुद्ध" करून देतात, मुलांच्या सवयी बिघडतील म्हणून. माझ्या एका गोष्टीतला गुराखी पोरगा असाच शुद्ध होऊन आला होता. तो रानात उभा राहून वर्तमानपत्रासारखं बोलत होता. मी ते छापू दिलं नाही. आपल्या घरातलं बोलणं पुस्तकात कधीच भेटलं नाही तर पुस्तक आपलं नाही असं मुलाने ठरवलं, यात मुलाची चूक काय?

तिसरा मुद्दा मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. दुःख नको, मृत्यू नको, भीती नको. एका प्रकाशकांनी मला गोष्टीतल्या आजोबांना मारू नका असं सांगितलं होतं. त्यांना काशीला पाठवा, म्हणाले. पालक पुस्तक चाळतात आणि शेवटच्या पानावर मरण दिसलं तर ठेवून देतात. गोष्ट दुसरीकडे छापावी लागली. त्यानंतर करोनाचं २०२१ साल आलं. त्या वर्षी या राज्यातल्या किती मुलांनी घरातलं माणूस रुग्णवाहिकेत चढताना शेवटचं पाहिलं! अनेकांना आई किंवा वडील पुन्हा दिसलेच नाहीत. ही मुलं शाळा उघडल्यावर वर्गात आली आणि वाचनाच्या तासाला त्यांच्या हातात काय आलं? आनंदी ससा आणि गुणी खार. मृत्यू मुलांच्या आयुष्यात कुणाला विचारून येत नाही. त्याबद्दल बोलायला घरात कुणी तयार नसतं, तेव्हा पुस्तकानेही तोंड फिरवलं तर ते मूल एकटं पडतं. दुःखाची गोष्ट मुलाला दुःखी करते हा मोठ्यांचा समज आहे. ज्याला दुःख आधीच ठाऊक आहे त्याला त्या गोष्टीत सोबत मिळते, आणि ज्याला ठाऊक नाही तो दुसऱ्याचं दुःख ओळखायला शिकतो. संस्कार म्हणतात तो यापेक्षा वेगळा काय असतो?

भीतीचंही तसंच. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण एका पिढीने दिलीप प्रभावळकरांच्या रूपात पाहिली. २०१८ मध्ये ते नाटक वैभव मांगले यांना चेटकीण करून पुन्हा रंगभूमीवर आलं आणि हाउसफुल चाललं. चेटकिणीला भिऊन मुलं आईच्या कुशीत शिरतात आणि पुढच्या क्षणी तिलाच बघायला मान बाहेर काढतात. अंधाऱ्या नाट्यगृहात भीतीला तोंड देण्याची ती तालीम असते, आणि मुलं ती मागून घेतात.

आता मोबाइल. तो आहे, आणि तो मुलांचा वेळ खातो. मोठ्यांचाही खातो; ज्या घरात आईबाबांच्या हातात पुस्तक दिसत नाही त्या घरातल्या मुलाला वाचनाचं व्याख्यान देण्याचा हक्क कुणाला पोहोचत नाही. पण मोबाइल यायच्या आधीही मुलांच्या हातात पुस्तकं पोहोचत नव्हती, हे आपण सोयीने विसरतो. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकंही असावीत, असं स्पष्ट म्हटलं आहे. समग्र शिक्षा अभियानातून ग्रंथालयासाठी अनुदानही येतं. बऱ्याच शाळांत पुस्तकं खरोखर असतात. ती कुठे असतात? मुख्याध्यापकांच्या खोलीत, लोखंडी कपाटात, कुलपात. किल्ली विचारली तर कधी ती रजेवर गेलेल्या गुरुजींकडे असते.

शिक्षकांना मी दोष देत नाही. पुस्तकांची नोंद दप्तरात झालेली असते, तपासणीला मोजदाद होते, आणि एखादं हरवलं किंवा फाटलं तर जाब त्यांना द्यावा लागतो. ज्याला पुस्तक फाटण्याची भीती घातली आहे तो पुस्तक वाटणार कसा? मग १५ ऑक्टोबर येतो. डॉ. कलामांच्या जन्मदिनी २०१५ पासून आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. कपाट उघडतं, मुलं ओळीत पुस्तक उघडून बसतात, छायाचित्र काढून वर पाठवलं जातं आणि पुस्तकं मोजून परत आत जातात. त्या अर्ध्या तासात गोष्टीच्या मध्यावर पोहोचलेल्या मुलाला पुढचं पान वर्षभर भेटत नाही. हे बघून मला फार राग येतो. त्याच मुलाबद्दल पुढच्या परिसंवादात कुणीतरी म्हणणार असतं की त्याला वाचनाची गोडी नाही.

महागाईचा मुद्दा थोडक्यात. रंगीत चित्रांचं पुस्तक स्वस्तात छापता येत नाही, हे मान्य. पण बालभारती १९७१ पासून 'किशोर' काढते, परवडेल अशा किमतीत, आणि त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. पैसे हे कारण काही घरांत खरं आहे. जिथे वाढदिवसाच्या केकवर हजार रुपये सहज जातात तिथे ते खरं नाही.

उरतो तो शेवटचा आक्षेप, आणि तो सर्वांत गंभीरपणे घेतला जातो: मुलांना निवडू दिलं तर ती भुतं, विनोद आणि मारामारीच निवडतील, चांगलं साहित्य मागे पडेल. निवडू द्या की! भूत आलं म्हणजे साहित्य हलकं झालं, हे कुणी ठरवलं? भागवतांनी 'भुताळी जहाज' लिहिलं. साहित्य अकादमीचा २०२४चा मराठी बालसाहित्य पुरस्कार भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला'ला मिळाला, आणि सासणे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष राहिलेले लेखक आहेत. शिवाय ज्याने वीस भूतकथा स्वतः निवडून वाचल्या त्याला एकविसावी फसवी आहे हे कळतं. रुची निवडून निवडूनच तयार होते. आपण निवडून दिलेली पन्नास पुस्तकं वाचून ती तयार झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

म्हणून माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत आणि त्या मी जाहीरपणे मांडते. शाळेसाठी पुस्तकं घेताना यादी कायम करण्याआधी ती पुस्तकं तिथल्याच मुलांपुढे आठवडाभर मोकळी ठेवा आणि कुठली पुन्हा पुन्हा उचलली गेली, कुठली पडून राहिली, याची नोंद करा. बालसाहित्याच्या पुरस्कार समित्यांनी मुलांचे शेरे मागवावेत आणि ते निकालासोबत छापावेत, नकारासकट. शिक्षण विभागाने दरवर्षी ठरावीक पुस्तकं वापरून फाटली म्हणून नोंदीतून कमी करायची मुभा एका परिपत्रकाने द्यावी, आणि ज्या शाळेत एकही पुस्तक फाटलं नाही त्या शाळेला कारण विचारावं. आणि आम्हा लिहिणाऱ्यांनी, हस्तलिखित प्रकाशकाकडे जाण्याआधी ते एखाद्या वर्गात मोठ्याने वाचावं. कुठल्या ओळीला मुलं चुळबुळ करायला लागतात ते तिथल्या तिथे कळतं. ती ओळ घरी येऊन कापायची.